तिसरा मजला, उतरताना

सामान हलवणाऱ्यांच्या घरात जन्मलेली आणि सामान हलवणाऱ्यालाच दिलेली बाई, आणि तिला स्वतःला तीन मजले उतरता येऊ नयेत, हा विनोद पहिल्यांदा तिच्या भावाने केला. सगळे हसले. तीही हसली, कारण तेव्हा पाचवा महिना होता आणि दुखणं नुकतंच डोकं वर काढत होतं. सातव्या महिन्यात तोच विनोद वहिनीने फोनवर केला तेव्हा तिने फोन ठेवून दिला.

माहेरी तिला खुंटी म्हणत. लहानपणी हट्टाला पेटली की भिंतीत ठोकल्यासारखी उभी राहायची, कुणी ओढलं तरी जागची हलायची नाही, म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव. वडिलांना सगळे वस्ताद म्हणत. ही पदवी त्यांना कुणी हार घालून दिलेली नव्हती, कामावरच्या माणसांनी दिली आणि ती चिकटली. गावात असा जिना नसेल ज्यावरून वस्तादांनी एखादं कपाट, एखादा पियानो किंवा कुणाच्या मेलेल्या आजोबांचा शिसवी पलंग उतरवला नसेल.

या धंद्यात जिन्यावर जड सामान घेतलं की दोघं लागतात, एक वरचा आणि एक खालचा. वरचा म्हणजे डोळे. 'डावीकडे, सावकाश, आता कठडा' असं तो बोलत राहतो. खालचा म्हणजे खांदे. वजन सगळं त्याच्यावर येतं आणि त्याला दिसत काहीच नाही, तो नुसता वरच्याच्या आवाजावर विश्वास ठेवून पाय टाकतो. वस्ताद जन्मभर वरचे. त्यांच्यासोबत जन्मभर खाली राहिलेल्या माणसाला सगळे जण खालचे काका म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, काकांना तर नाहीच.

खुंटीचा नवराही वस्तादांच्याच हाताखाली तयार झालेला. अंगकाठी अशी की वारा आला तर कठडा धरावा लागेल, म्हणून अर्थातच नाव पडलं पैलवान. पण एवढासा माणूस पाठीवर पट्टा टाकून फ्रिज घेऊन निघाला की बघणारे तोंडात बोटं घालत. खुंटी काचसामान बांधायची. लोकांच्या घरी जाऊन जमिनीवर उकिडवी बसायची, कप, बशा, आरसे कागदात गुंडाळायची, खोक्यात उभे रचायची. तिच्या हातचं खोकं जिन्यावरून गडगडत गेलं तरी आत काही फुटत नाही, असं पैलवान सांगत सुटे. लग्नाआधी त्याने तिची केलेली ही एकमेव स्तुती, आणि तिला ती पुरली होती.

पाचव्या महिन्यात एक दिवस ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उकिडवी बसली आणि तिला उठताच येईना. पुढे, ओटीपोटाच्या खाली हाड जुळतं तिथे, कुणी पहार घालून ते उचकटत असल्यासारखी कळ आली. मागे कंबरेखाली एका बाजूला दुसरी. घरच्या बाईने तिला हाताला धरून उठवलं आणि म्हणाली, "होतं गं असं, मला तर नऊही महिने कंबर धरलेली होती." त्यानंतर हे वाक्य खुंटीने इतक्या बायकांकडून ऐकलं की पुढे पुढे समोरचीने तोंड उघडलं की ती मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणायची.

दवाखान्यात एक व्यायामाची बाई होती. तिने मात्र असं काही म्हटलं नाही. तिने खुंटीला एका पायावर उभं राहायला सांगितलं, तिचा चेहरा पाहिला आणि लगेच म्हणाली, "बास, ठेवा पाय खाली." मग तिने समजावलं. बाळाला वाट करून द्यायची म्हणून शरीर सांधे सैल करायला घेतं. "तुमचे जरा जास्तच उदार झालेत." पुढचा सांधा आणि मागचा सांधा, दोन्ही. बाळाला यातलं काही लागत नाही, ते मजेत असतं. जपायचं ते आईने. कपडे घालायचे ते बसून. उकिडवं बसणं बंद, जड उचलणं बंद. कूस बदलताना दोन गुडघ्यांमध्ये उशी आणि गुडघे जुळवून, सगळं अंग एकदम वळवायचं. कंबरेखाली पट्टा. "आणि जिना शक्यतो नको. जिना म्हणजे दर पायरीला एका पायावर उभं राहणं. तुमच्या सांध्याला नेमकं तेच सोसत नाही."

"मी तिसऱ्या मजल्यावर राहते."

बाईंनी मान वर केली. "लिफ्ट?"

"नाही."

"मग शक्य तेवढं कमी उतरा. उतरायचंच झालं तर बसून, एकेक पायरी. पण गुडघे जुळलेले. एवढं एक लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल."

"आणि नंतर? बाळ झाल्यावर?"

"बहुतेक जणींचं जातं."

बहुतेक म्हणजे किती, हे विचारायचं खुंटीच्या ओठांवर आलं होतं, पण बाई पट्टा आवळत होत्या आणि त्या आवळण्याने तिला इतकं बरं वाटलं की प्रश्न तिथेच राहिला.

फोनवर तिने हे सगळं वडिलांना सांगितलं. आख्ख्या घरात हे दुखणं नीट कळलेला माणूस तोच एक. "सांधा सैल झाला म्हण की," वस्ताद म्हणाले. "जुन्या खुर्च्यांचं होतं तसं. दिसायला धड असते, पण हाताला धरून उचलली की कुईं करते. अशी खुर्ची आवळून बांधायची आणि शक्यतो हलवायचीच नाही. तू हलू नको खुंटे."

"तुम्हाला बघायला यायचंय मला."

"मी कुठे पळतोय?"

पण ते पळत होते. त्यांचं हृदय थकलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची ओझी वाहून थकलं असं म्हणायला छान वाटतं, पण डॉक्टर म्हणाले की तंबाखूने थकलं. पायांना सूज, छातीत पाणी, दोन वाक्यं बोलली की धाप. ते भावाकडे राहत, तळमजल्यावर, खिडकीशी एका खुर्चीत. आडवं झालं की गुदमरायचं म्हणून झोपही तिथेच.

सहाव्या महिन्यात ती एकदा गेली होती. पट्टा आवळून, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. वडिलांसमोर स्टूल ओढून बसली. वस्तादांनी आपला हात तिच्या पोटावर ठेवला. तसे हात आता फारसे दिसत नाहीत, पट्ट्याने आणि दोरीने त्यावर रेघा पडलेल्या होत्या. बराच वेळ ठेवला. पोर काही हललं नाही.

"झोपलंय," ती म्हणाली.

"माझ्यासारखंच आहे. पाहुणे आले की झोप येते." मग जरा थांबून, श्वास गोळा करून ते म्हणाले, "हे बघ, तोंड बघायला काही मी उरत नाही. निदान एक लाथ खाऊन जाऊ दे."

"खाल की. पुढच्या वेळी येईन तेव्हा जागं ठेवून आणते."

परत येताना तीन मजले चढून आली आणि आठवडाभर अंथरुणाला खिळली. कूस बदलायची तर पैलवानाला हाक मारावी लागे. तो एक हात तिच्या खांद्याला आणि एक कंबरेला लावून तिला वळवायचा, आणि वळवताना त्याच्या तोंडून सवयीने निघून जायचं, "सावकाश, आता कडा." पहिल्या खेपेला दोघं हसली होती.

हे कळल्यावर वस्तादांनीच फर्मान काढलं की खुंटीने जिना उतरायचा नाही. दादाने ते पाळलं, वहिनीने पाळलं, पैलवानाने तर देवाची आज्ञा असल्यासारखं पाळलं. व्हिडिओवर बोलूया म्हटलं तर वस्तादांना ते मानवत नव्हतं. "त्या काचेत मला माझंच नाक दिसतं," म्हणायचे. ती एकदा फोन पोटाशी धरून बसली आणि पोराने लाथ मारली तेव्हा ओरडली, "बघा, बघा!" पण तिकडे फोन वहिनीच्या हातात होता आणि वस्तादांना डोळा लागला होता.

सातवा सरला. फोनवरची वाक्यं आखूड होत गेली. आधी ते पाच-सात वाक्यं बोलायचे, मग तीन, मग नुसतं "हं, खुंटे." दादा सांगायचा ठीक आहेत, वहिनी सांगायची आज वरण-भात नीट जेवले. ठीक असलेला माणूस काय जेवला हे कुणी सांगत बसत नाही, एवढं कळण्याइतकी खुंटी शहाणी होती. दिवसभर ती पलंगावर एका कुशीला पडलेली असे, गुडघ्यांत उशी, समोर भिंत. पोट वाढत होतं, पट्टा एकेक भोक पुढे सरकत होता, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ते जाणार आणि मी इथे वर असणार.

"मला ने," एका दुपारी ती पैलवानाला म्हणाली.

"अगं, पण..."

"ते चाललेत. तुला दिसतंय ना? तू रोज जाऊन येतोस. खरं सांग."

पैलवान खोटं बोलण्यात कच्चा. तो नखं बघत बसला.

"मग ने मला. काय वाटेल ते कर, पण ने."

तिने आधी बसून उतरायचा प्रयत्न केला. बाईंनी सांगितलेला होता तसा. दार उघडून पहिल्या पायरीवर बसली, हात टेकून खालच्या पायरीवर सरकली. एक जमली. दुसरीला हाताचा भार निसटला आणि ती आदळली. पोट धरून तिथेच बसून राहिली. पैलवानाने तिला उचलून आत आणलं.

मग तो कामाला लागला. या लोकांना एखादी वस्तू कुठून कुठे न्यायची आहे एवढं सांगितलं की यांचं अर्धं दुःख तिथेच संपतं. त्याने जिना पाहिला. म्हणजे रोजचा जिना नवीन सामान असल्यासारखा पाहिला, रिकाम्या हाताने खाली गेला, वर आला, वळणावर बोटांनी मापं घेतली. खुर्चीत बसवून न्यायचं तर वळणावर खुर्ची कलती करावी लागत होती.

"कलती केली आणि तू घसरलीस तर?" तो म्हणाला. "खुर्ची नको."

"रुग्णवाहिकेवाल्यांकडे खुर्ची असते म्हणे. पट्ट्यांची. त्यांना विचारू या?"

यावर पैलवानाचा चेहरा असा झाला की जणू तिने परक्या माणसाचं नाव घेतलं. "माझी बायको उतरवायला मी बाहेरून माणसं बोलावू? उद्या धंद्यात तोंड दाखवू का नको?"

तो खोटा अभिमान होता असं नाही. त्याला खरोखर वाटत होतं की हे काम त्याच्याइतकं नीट कुणी करणार नाही. आणि खुंटीलाही तसंच वाटत होतं. जिच्या डोळ्यांसमोर हा माणूस फ्रिज, तिजोऱ्या आणि कुणाची संगमरवरी टेबलं ओरखडाही न येऊ देता उतरवत आला होता, तिने आणखी कुणावर भरवसा ठेवायचा?

ठरलं ते असं. कपाट पाठीवर घेतात तसं तिला घ्यायचं, पाठीला पाठ लावून, म्हणजे पोट मोकळं राहील. तो रुंद पट्टा खांद्यावरून खाली येतो आणि त्याचे दोन फासे होतात. कपाटाच्या एकेका पायाला एकेक. तिच्या एकेका मांडीखाली एकेक. फासे त्याने जुन्या चादरीने गुंडाळून मऊ केले. गव्हाचं पोतं घेऊन दोनदा मधल्या मजल्यापर्यंत जाऊन आला. पोत्याने काही तक्रार केली नाही.

निघायच्या दिवशी तिने केस विंचरले, स्वच्छ गाउन घातला. दादाला फोन केला, "बाबांना जागं ठेव, मी येतेय." तिकडून वस्तादांचा आवाज आला, धाप लागलेला पण हसरा, "कोण आणतंय?" "पैलवान." "मग ये."

त्याने फासे तिच्या मांड्यांखाली घातले, गुडघ्यावर बसला, श्वास घेतला आणि उठला. ती उचलली गेली. एक क्षणभर तर बरं वाटलं, सगळा भार गेल्यासारखं. तिच्या तोंडासमोर त्यांचं दार होतं, उघडं. मग तो पहिली पायरी उतरला.

पायरी उतरताना माणसाचा एक खांदा खाली जातो. तो खांदा गेला की तो फासा खाली जातो आणि त्या फाशातली मांडीही खाली जाते. दुसरी वरच राहते. आणि दोन फाशांमध्ये गुडघे जुळतील कसे? ते फाकलेलेच. बाईंनी सगळं विसरलं तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा असं जे सांगितलं होतं, नेमकं त्याच्या उलट काम तो पट्टा दर पायरीला करत होता. हे त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कपाटाचे पाय लांब-लांबच असतात.

तिने ओठ दाबून धरले. तिसऱ्या-चौथ्या पायरीला तिच्या तोंडून आवाज निघाला. तो म्हणाला, "थोडंच, वळण आलं." ती काही बोलली नाही, कारण बोलली तर तो थांबेल आणि थांबला तर बाबा राहतील. वळणावर त्याने कपाटाला देतात तसा एक हलका झोका दिला. तेव्हा ती किंचाळली. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं आणि पुन्हा बंद झालं.

त्याने तिला वळणावरच्या चौथऱ्यावर उतरवलं. ती पांढरीफटक पडली होती आणि तिला पाय जवळ घेता येईनात. त्याने हाताने जवळ घ्यायला पाहिलं तर ती त्याच्या अंगावर ओरडली, "हात लावू नको!"

"अडीच मजलेच राहिलेत," तो म्हणाला. बावळटासारखंच म्हणाला, पण त्याला दुसरं काही सुचेना.

"मी कपाट नाहीये! बाईंनी सांगितलं होतं ना तुला, गुडघे जुळवून? कुठे होतं तुझं लक्ष?"

"तूच म्हणालीस, काय वाटेल ते कर."

दोघांचंही खरं होतं, आणि त्याचा दोघांनाही काही उपयोग नव्हता. ती अर्धा मजला पाठमोरी बसून, हातांनी अंग उचलत, एकेक पायरी वर गेली. तो खाली उभा राहिला. मदत करावी तर ओरडते, न करावी तर बघवत नाही. वर पोचल्यावर तिने दादाला फोन केला. पोट बिघडलंय म्हण, उद्या येते म्हण. पलीकडे दादाने फोन बाजूला धरून ते सांगितलं आणि वस्ताद काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही.

"काय म्हणाले?"

"काही नाही," दादा म्हणाला. "खिडकीकडे बघतायत."

तो उद्या काही उगवला नाही. दुखणं इतकं वाढलं की न्हाणीघरापर्यंत जायलाही ती भिंत धरून पाय घासत जाई. डॉक्टरांनी बाळ ठीक असल्याचं सांगितलं. व्यायामाची बाई घरी येऊन गेली. कसं झालं ते ऐकलं, पैलवानाकडे एकदा पाहिलं. तिने चाकांची चौकट आणून दिली. चौकट सपाट जमिनीवर चालते.

वस्ताद सकाळी गेले, खुर्चीतच. फोन वहिनीने केला. "खुंटे, बाबा गेले गं," एवढंच म्हणाली. पैलवान शर्ट घालून धावत खाली गेला. त्याच्या पावलांचा आवाज तिने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. तो जिना एका दमात उतरतो, हे तिला आजवर कधी इतकं लागलं नव्हतं.

ती घरात एकटी होती. धाय मोकलून रडावं असं तिला वाटत होतं, पण हुंदका आला की पोट आवळायचं आणि पोट आवळलं की पुढच्या हाडात सुरी फिरायची. म्हणून ती एका कुशीवर, गुडघे जुळवून, उशी घट्ट धरून, बेताबेताने रडली. बाप मेल्यावरही जपून रडावं लागावं, याचा तिला इतका संताप आला की शेवटी तिने रडणंच सोडून दिलं. खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. वस्तादांना शेवटचं न्यायलाही ती नव्हती. पैलवान संध्याकाळी परत आला, पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "सगळी आली होती." कोण कोण, ते तिने विचारलं नाही.

त्यानंतर दोघं एकमेकांशी नीट वागू लागली. फार नीट. तो वेळेवर उशी द्यायचा, ती वेळेवर बरं म्हणायची. तो तिला कुशीवर वळवायचा तेव्हा आता तोंडाने काही बोलत नसे.

मग एके दिवशी सकाळी खालचे काका आले. वस्तादांपेक्षा चार-दोन वर्षांनीच लहान, पण तिसऱ्या मजल्यावर आले ते धाप न लागता. दारात चपला काढल्या, आत येऊन खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले. त्यांना बोलायची सवय नव्हती. जन्मभर बोलणारा माणूस वर असायचा.

"तू आली नाहीस," शेवटी ते म्हणाले. त्यात राग नव्हता. "मी म्हटलं, पोरगी आजारी असेल. पोटुशी आहे, काही तसंच झालं असेल. दादाला विचारलं नाही. घरातली गोष्ट."

"आजारी नव्हते काका. मला जिना उतरता येत नाही. हाडांचे सांधे सैल झालेत. तिथे खाली पोचले असते तर बसले असते त्यांच्यापाशी. बसायला काही होत नाही. एक जिनाच तेवढा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग चौकटीकडे, मग दाराकडे.

"म्हणजे तुला उतरता येत नव्हतं, एवढंच?"

"एवढंच."

"आणि त्याला तुला भेटायचं होतं."

"हो."

खुर्चीच्या हातावर काकांचं बोट फिरत होतं. मग ते सावकाश म्हणाले, "म्हणून विचारत होता होय. जायच्या आधी, मी भेटायला गेलो तेव्हा. मला म्हणाला, काय रे, जिने चढवतात का अजून तुला? म्हटलं, चढवतात की. पाठीवर घेऊन? म्हटलं, पाठीवर घेऊनही, फार जड नसेल तर. मग माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता काही तरी काम सांगतो. पण बोललाच नाही. कसा बोलणार? दुसऱ्याच्या पाठीवर बसणारा माणूसच नव्हता तो."

पैलवान स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभा होता.

"अगं, किती उरला होता तो?" काका म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता, जन्मात पहिल्यांदा. "पोराएवढा. मी एकट्याने आणला असता. त्या वळणावर जरा थांबलो असतो दम घ्यायला, त्याचा आणि माझा. इथे, या खुर्चीत बसवला असता. सकाळचा संध्याकाळपर्यंत बसला असता तुझ्याजवळ. मला एक निरोप का नाही धाडलात रे?"

खुंटी नवऱ्याकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते तिला दिसत होतं. तिच्याही मनात तेच चाललं होतं. महिनाभर त्यांनी जिना मोजला, पट्टे मऊ केले, पोती वाहिली, एकमेकांवर ओरडले, आणि सगळ्यांनी मिळून एकच विचार केला, की हिला खाली कसं न्यायचं. तिने केला, त्याने केला, दादाने केला. वस्तादांना वर आणावं हे त्यांच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. एकाच्या डोक्यात आलं होतं, आणि तो मागायला लाजला.

पैलवानाने कप खाली ठेवले. "डॉक्टरांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्यांना जागचं हलवायचं नाही म्हणून."

कुठल्याही डॉक्टरने असं काही सांगितलं नव्हतं. खिडकीजवळच्या खुर्चीतून न्हाणीघरापर्यंत आणि परत वहिनी त्यांना रोज हलवत होती. खुंटीला हे माहीत होतं, आणि तिला हे माहीत आहे हे पैलवानाला माहीत होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. काका तिच्याकडे बघत होते, ती काय म्हणते म्हणून.

त्या क्षणी तिला नवऱ्याचा इतका तिरस्कार वाटला आणि त्याची इतकी कीव आली की दोन्ही वेगळे करता येईनात. आणि समोर हा म्हातारा, ज्याच्या पाठीत अजून एका माणसाला उचलायचं बळ शिल्लक होतं, आणि ते कुणी मागितलं नव्हतं.

"हो काका," ती म्हणाली. "हलवायचं नाही म्हणाले होते."

काकांनी लांब श्वास सोडला. खांदे खाली आले. "मग इलाज नव्हता," ते म्हणाले. "मग काय. मग राहिलंच." त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, चपला घातल्या आणि निघाले. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं.

पैलवान दारातच उभा राहिला. काकांची पावलं पहिल्या मजल्यापर्यंत गेली, मग तळाशी. "खुंटे," तो म्हणाला.

"दार लावून घे," ती म्हणाली.